दिवसा अंधार, रात्री उजेड

(१९९६ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघात राहून गेलेले दोन-तीन मुद्दे लिहिताना घातले आहेत.)



समितीचा फोन आला तेव्हा मला सांगण्यात आलं होतं, "तू सॉफ्टवेअरमधली आहेस, तर एआयवर वीस मिनिटं बोल." मी हो म्हणून बसले. मग वाटलं, एआयवर बोलणारे तुम्हाला मोबाइलवर रोज शंभर भेटतात, त्यात माझी भर कशाला? त्याऐवजी आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपकडे पाहिलं. तिथं रात्री एक-दीडला कुणी 'कोण कोण जागं आहे?' असं टाकलं, की पाच मिनिटांत आठ-दहा अंगठे येतात. दुपारी तीनला काही विचारलं, तर संध्याकाळपर्यंत कुणी हूं की चूं करत नाही. तेव्हा आज मी झोप आणि घरातला उजेड यांवर बोलणार आहे. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. आपल्या बॅचमध्ये तीन डॉक्टर आहेत आणि तिघंही समोर बसलेत. माझं काही चुकलं तर त्यांनी चहाच्या वेळी माझा कान धरावा.

आज सकाळी साडेनऊला, तुम्ही नाश्त्याला पोहे घेत होतात तेव्हा, मी एक उद्योग केला. माझ्या पर्समध्ये उजेड मोजायचं एक छोटं यंत्र असतं, लक्समीटर. हजार-बाराशेला मिळतं. ते डोळ्यांजवळ धरून, नजर जिकडे तिकडे तोंड करून, मी शाळाभर फिरले. एक लक्स म्हणजे किती, तर पेटत्या मेणबत्तीपासून एक मीटरवर जेवढा उजेड पडतो तेवढा. आता आकडे ऐका. या हॉलमध्ये तुम्ही बसलाय तिथं, सगळे दिवे लावून, ११०. आपल्या दहावी 'ब'च्या वर्गात भिंतीकडच्या बाकावर ९०. त्याच वर्गात खिडकीजवळच्या बाकावर ७५०. आणि बाहेर मैदानावर, उन्हात नाही, चिंचेच्या सावलीत, ७,८००.

भिंतीकडचा बाक आणि चिंचेची सावली यांत ऐंशीपटींचा फरक आहे, पण आपल्याला तो ऐंशीपट वाटत नाही. डोळा इतक्या चटकन जुळवून घेतो की वर्गातही 'छान उजेड आहे' असंच वाटतं. माझ्या सगळ्या गोष्टीचं मूळ या फसगतीत आहे.

आता माझी गोष्ट. मार्च २०२० पासून मी पुण्यातल्या घरून काम करते. क्लायंट अमेरिकेत, त्यामुळे मीटिंगा संध्याकाळी साडेसहा ते रात्री साडेअकरा. स्क्रीनवर चकाकी येऊ नये म्हणून मी आतली खोली घेतली होती आणि खिडकीला जाड पडदा लावला होता. रात्री काम संपलं की ओटा आवरायचा, उद्याची भाजी चिरून ठेवायची, अंथरुणाला पाठ टेकायला साडेबारा, डोळा लागायला दोन. सकाळी साडेआठला कशीबशी उठायची. दिवसभर डोक्यावर ओलं पोतं टाकल्यासारखं वाटायचं. सहा कप चहा. रक्त तपासलं, बी-ट्वेल्व्ह आणि डी कमी निघाले, ते आपल्यात निम्म्या जणांचे निघतात. गोळ्या घेतल्या, पोतं तसंच राहिलं. वर सगळे म्हणत होते, चाळिशी ओलांडली की असं व्हायचंच.

२०२२ च्या मे महिन्यात मी आईला घेऊन गावाकडे येत होते. गाडी मी चालवत होते. दुपारचे अडीच. शिरवळ मागे टाकलं, समोर घाटाचा डोंगर दिसायला लागला होता, आणि पुढचं मला आठवत नाही. आठवते ती आईची किंकाळी आणि दुभाजकाला घासत जाणाऱ्या पत्र्याचा आवाज. मी किती वेळ झोपले होते? दोन सेकंद असेल, चार असेल. मागून ट्रक येत नव्हता म्हणून आज मी तुमच्यासमोर उभी आहे. गाडी कडेला घेतली. आई काही बोलली नाही. तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली, माझ्या हातात दिली आणि आपला हात माझ्या पाठीवर ठेवला. तो हात थरथरत होता. माझे बाबा गेल्यावरही तिचा हात मी तसा थरथरताना पाहिला नव्हता.

त्यानंतर मी या गोष्टीकडे 'वय झालं' म्हणून पाहणं सोडलं. आमच्या धंद्यात एखादी यंत्रणा चुकीची वागायला लागली, की आम्ही आधी तिच्यात काय काय आत जातंय याच्या नोंदी काढतो. तसं मी ठरवलं.

पहिली दिशा साफ चुकली. सगळे जे करतात तेच मी केलं. मोबाइल पिवळट करणारं सेटिंग चालू केलं, नारिंगी काचांचा चष्मा मागवला, नऊनंतर तो लावून मीटिंगा केल्या. माझा नवरा म्हणाला, वेल्डिंग करायला निघालीयस का? तीन आठवड्यांत फरक जवळपास शून्य. नंतर वाचनात आलं, की बोस्टनमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात माणसांना झोपण्याआधी चार तास टॅबलेटवर वाचायला लावलं होतं, सलग पाच रात्री. छापील पुस्तक वाचणाऱ्या रात्रींच्या तुलनेत त्यांना झोप लागायला सरासरी दहा मिनिटं उशीर झाला. दहा मिनिटं! माझे तर दीड तास जात होते. मोबाइलला सगळा दोष देणं सोयीचं आहे, पण माझा चोर दुसरीकडे होता.

मग लक्समीटर आणलं आणि एक आठवडा वहीत आकडे लिहिले. सकाळी अकरा वाजता माझ्या टेबलाशी, पडदा लावलेला: ४५ लक्स. दुपारी हॉलमध्ये सोफ्यावर: ७०. रात्री दहा वाजता ओट्यासमोर, डोक्यावर पांढरे पॅनेल लाइट: २४०. आणि झोपायच्या आधी दात घासताना, बाथरूमच्या आरशासमोर: ३१०.

त्या वहीकडे मी बराच वेळ बघत बसले. माझ्या डोळ्यांच्या हिशेबानं माझा दिवस अंधाराचा होता आणि रात्र उजेडाची. झोपायला जाताना मी जो उजेड घेत होते तो माझ्या अख्ख्या दिवसातला सर्वांत जास्त उजेड होता.

आता यामागचं विज्ञान, थोडक्यात. बाई समोर आहेत, त्यामुळे जपून बोलते. आपल्या शाळेच्या मागं कुंपणाजवळ लाजाळू होती, आठवते? मधल्या सुट्टीत आपण तिची पानं मिटवत बसायचो. १७२९ मध्ये द मेराँ नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं लाजाळूसारखं एक झाड अंधारात ठेवलं. सूर्य दिसत नसतानाही दिवसा त्याची पानं उघडायची आणि रात्री मिटायची. म्हणजे घड्याळ झाडाच्या आत होतं. तसं ते आपल्याही आत आहे. मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात त्या जागेच्या अगदी वर, सुमारे २० हजार पेशींचा एक पुंजका हे घड्याळ चालवतो. पेशींच्या आत हे घड्याळ कसं चालतं ते फळमाशीवरच्या अभ्यासातून उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं.

पण हे घड्याळ अगदी चोवीस तासांचं नाही. माणसांत ते सरासरी दहा-बारा मिनिटांनी जास्त आहे. म्हणजे ते रोज थोडं मागं पडणार आणि रोज कुणीतरी ते लावायला हवं. आमच्याकडे संगणकांचंही असंच असतं. प्रत्येक संगणकाचं घड्याळ थोडं थोडं सरकतं, म्हणून ते अधूनमधून एका खात्रीच्या घड्याळाशी जुळवून घेतं. आपल्या शरीरासाठी ते खात्रीचं घड्याळ म्हणजे डोळ्यात शिरणारा उजेड. सकाळचा उजेड आपलं घड्याळ अलीकडे ओढतो, रात्रीचा उजेड पलीकडे ढकलतो. मी सकाळी ओढत नव्हते आणि रात्री जोर लावून ढकलत होते.

बाईंनी आपल्याला डोळ्याच्या धड्यात दोन प्रकारच्या पेशी शिकवल्या, दंडाकार आणि शंक्वाकार. आकृतीला दोन गुण होते. बाई, तुमचं काही चुकलं नव्हतं. तिसरा प्रकार तेव्हा जगालाच माहीत नव्हता. १९९८ मध्ये बेडकाच्या त्वचेत मेलॅनोप्सिन नावाचं एक प्रकाशाला दाद देणारं द्रव्य सापडलं, आणि २००२ पर्यंत हे स्पष्ट झालं की सस्तन प्राण्यांच्या डोळ्याच्या पडद्यातल्या काही मोजक्या चेतापेशींतही ते असतं. या पेशींचं मुख्य काम चित्र दाखवणं नाही, 'बाहेर दिवस आहे की रात्र' हे मेंदूला कळवणं आहे. काही पूर्ण अंध व्यक्तींमध्येही या पेशी काम करतात. त्यांना दिसत काहीच नाही, पण त्यांचं घड्याळ उजेडाला दाद देतं. या पेशींना निळसर उजेड सर्वांत जास्त भिडतो, आणि त्या मंद असतात. झर्रकन चमकलेल्या दिव्याला त्या फारशी किंमत देत नाहीत. त्यांना बराच वेळ, भरपूर उजेड लागतो.

आता आपल्या घरातले दिवे बघा. पांढरा एलईडी म्हणजे खरं तर निळा एलईडी असतो, त्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या पावडरीचा थर दिलेला. तो निळा दिवा बनवणाऱ्या तीन जपानी शास्त्रज्ञांना २०१४ चं नोबेल मिळालं आणि ते योग्यच होतं. आपलं लाइटबिल त्यांच्यामुळे कमी झालं. पण खोक्यावर 'कूल डे लाइट, ६५०० के' लिहिलेला दिवा हा नावाप्रमाणेच दिवसाचा दिवा आहे. तो आपण रात्री दहाला लावतो. आपल्याला घर लख्ख दिसायला हवं असतं. आमच्या पीओपीच्या छतात बारा पॅनेल आहेत. पाहुणे आले की बाराच्या बारा लागतात, आणि पाहुणे गेल्यावर ते बंद करायचं कुणाच्या लक्षात राहत नाही.

२०२२ मध्ये या विषयातल्या बऱ्याच संशोधकांनी एकत्र बसून साधे आकडे सुचवले. डोळ्यांपाशी, दिवसभर किमान २५०. झोपण्याआधीचे तीन तास जास्तीत जास्त १०. झोपेत १ किंवा त्याहून कमी. त्यांचं माप साध्या लक्सपेक्षा थोडं वेगळं आहे, त्या तिसऱ्या पेशींना काय भिडतं त्यावर बेतलेलं. ढोबळमानानं, पांढऱ्या थंड दिव्याचे लक्स जवळजवळ सगळे मोजायचे आणि पिवळ्या बल्बचे निम्म्याहून कमी. आता माझी वही आठवा. दिवसा २५० ऐवजी ४५. रात्री १० ऐवजी २४०.

मी आधी दिवस दुरुस्त केला, आणि माझं तुम्हाला सांगणं हेच आहे की सुरुवात दिवसापासून करा. पडदा काढला. टेबल उचलून गॅलरीच्या दारापाशी नेलं, असं की दार डाव्या हाताला येईल. पाठीमागं खिडकी आली की स्क्रीनवर चकाकी येते आणि समोर आली की डोळे दिपतात. अकरा वाजताचा आकडा ४५ वरून ९०० वर गेला. एक रुपया खर्च नाही, फक्त एक्स्टेन्शन बोर्डची वायर लांब लागली. सकाळचा चहा मी आता गॅलरीत घेते, अर्धा तास, पेपर वाचत. तिथं साडेआठला सहा हजारांच्या वर असतं. गच्च भरून आलेल्या जुलैतल्या सकाळीही मी तिथं दोन-अडीच हजार मोजले आहेत, म्हणजे घरातल्या कुठल्याही दिव्याला ऐकणार नाही इतके. उन्हात बसायची गरज नाही. आपल्याकडे मे महिन्यात ते शक्यही नाही. सावली पुरते, फक्त ती आकाशाखालची हवी, छपराच्या आतली नको. आणि सूर्याकडे टक लावून कधीही बघायचं नाही, हे सांगायलाच नको.

खिडकीजवळ म्हणजे किती जवळ, हे मी मोजून पाहिलं. आमच्या हॉलमध्ये दारापासून चार पावलं आत गेलं की उजेड दहाव्या हिश्श्यावर येतो. म्हणून 'आमच्या घरात भरपूर उजेड आहे' या वाक्यावर माझा आता विश्वास नाही. खुर्ची कुठं आहे ते सांगा.

मग रात्र. आठनंतर छताचे दिवे बंद. हॉलमध्ये दोन टेबललॅम्प, पिवळे, २७०० के, छोट्या वॅटचे, डोळ्यांच्या खालच्या उंचीवर. ओट्यावर कपाटाखाली पिवळी पट्टी लावून घेतली. सुरी चालवायची जागा उजळते, डोळ्यांत काही शिरत नाही. बाथरूममध्ये आरशावरचा दिवा न लावता बाजूचा छोटा लावतो. हॉलमध्ये आता रात्री १२ येतात. पहिले चार दिवस घरात बोंब होती. मुलगा म्हणाला, आपलं लाइट कापलंय असं मित्रांना वाटेल. सासूबाई म्हणाल्या, तिन्हीसांजेला घरात अंधार बरा दिसत नाही. त्यांच्यासाठी सात ते आठ दिवे चालू ठेवतो. त्यात काही बिघडत नाही.

मीटिंगा साडेअकरापर्यंतच आहेत, नोकरी तीच आहे. स्क्रीन मंद करते, एवढंच. पण तिसऱ्या आठवड्यापासून मला बाराच्या सुमारास जांभया यायला लागल्या. कित्येक वर्षांत मला अंथरुणाबाहेर जांभई आली नव्हती! हळूहळू सव्वाबारापर्यंत झोप लागू लागली, आणि दुपारचं ते ओलं पोतं उतरलं. चहा तीन कपांवर आला. यात त्याचाही हात असणार, सगळं श्रेय मी खिडकीला देत नाही.

आणि दिवस का आधी, त्याचं कारण. स्वीडनमधल्या उप्सालाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये असं दाखवलं की दिवसभर साडेसहा तास चांगल्या उजेडात बसलेल्या लोकांनी रात्री दोन तास टॅबलेटवर वाचलं, तरी त्यांच्या मेलाटोनिनवर, म्हणजे रात्र झाल्याचा निरोप शरीरभर नेणाऱ्या द्रव्यावर, पुस्तक वाचण्याच्या तुलनेत फरक पडला नाही. प्रयोग लहान होता, १४ जणांचा, पण माझ्या वहीशी तो जुळतो. पोटभर दिवस मिळाला की डोळा रात्रीच्या थोड्या उजेडाला इतका हावरटपणा करत नाही. अमेरिकेत कोलोरॅडोच्या डोंगरात आठ जणांना आठवडाभर तंबूत ठेवलं होतं, २०१३ च्या प्रयोगात, बॅटरी नाही, मोबाइल नाही, फक्त सूर्य आणि शेकोटी. त्यांना शहरातल्यापेक्षा चौपट उजेड मिळाला आणि त्यांचं आतलं घड्याळ साधारण दोन तास अलीकडे आलं.

हे वाचलं तेव्हा मला ही शाळाच आठवली. आपण रोज मैदानावर प्रार्थनेला उभे राहायचो, मग कवायत, मधली सुट्टी, संध्याकाळी खो-खो. घरी अंगण, ओसरी. रात्री साठचा बल्ब, आणि तोही नसेल तेव्हा कंदील. साडेनऊला आपण मेल्यासारखे झोपायचो. पण जुनं ते सगळं सोनं असं मी म्हणणार नाही. कंदिलाच्या उजेडात शिवणकाम करून माझ्या आजीनं डोळ्यांचं काय करून घेतलं ते मी पाहिलंय. मला वीज हवी आहे. ती कुठं आणि कधी, एवढंच मी विचारतेय.

आता आईचं सांगते, कारण समोर बसलेल्या गुरुजनांसाठी ते जास्त कामाचं आहे. त्या अपघातानंतर आई माझ्याकडेच राहायला आली. नवव्या मजल्यावर. गावी तिचा दिवस अंगणात जायचा. इथं ती टीव्हीसमोर सोफ्यावर, सत्तर लक्समध्ये. दुपारी डुलक्या, संध्याकाळी सातला पेंग, आणि रात्री दोनला टक्क जागी. मग ती अंधारात घरभर फिरायची, आणि मला भीती की पडेल. वयानं डोळ्यातलं भिंग पिवळट होतं, बाहुली लहान होते, त्यामुळे विशीतल्या माणसाच्या पडद्यावर जेवढा उजेड पोहोचतो त्यापेक्षा खूप कमी सत्तरीत पोहोचतो. म्हणजे ज्यांना जास्त उजेड हवा, त्यांनाच आपण घरातल्या आतल्या खोलीत बसवतो.

तिची खुर्ची मी गॅलरीत नेली. भाजी निवडणं, पोथी, शेजारणीशी गप्पा, सगळं तिथं. दुपारी चारनंतरही तिला थोडा वेळ खाली बागेत नेते, कारण तिला सातला पेंग येते. तिचं घड्याळ थोडं पलीकडे ढकलायचं आहे, माझ्या बरोबर उलट. रात्रीसाठी बाथरूमच्या वाटेवर जमिनीलगत झिरोचे दोन दिवे लावले. हल्ली निळे झिरो बल्ब फार दिसतात, ते घेऊ नका. पिवळा किंवा लाल घ्या. मात्र वयस्कर माणसाला पूर्ण अंधारात ठेवायचं नाही, झोपेपेक्षा हाड महत्त्वाचं. खोलीतला मोठा दिवा रात्रभर ठेवणंही बरं नाही. शिकागोच्या एका प्रयोगात तरुण, निरोगी माणसं १०० लक्समध्ये एक रात्र झोपली तर त्यांच्या हृदयाचे ठोके वाढलेले राहिले आणि सकाळी इन्सुलिनचं काम बिघडलेलं दिसलं. आई आता पहाटे साडेचारपर्यंत झोपते. त्यापुढं नाही, आणि ते मी मान्य केलंय.

गणिताचे सर, आता तुमच्याशी भांडण आहे, रागावू नका. तुम्ही आम्हाला सांगायचात, पहाटे पाचला उठून अभ्यास करा. मी केला, आणि पहिल्या तासाला तुमच्याच वर्गात पेंगले. तुम्ही मला खडू मारला होतात. तेरा ते अठरा या वयात मुलांचं घड्याळ निसर्गतःच उशिराकडे सरकतं, ते आळशी नसतात. माझा मुलगा नववीत आहे. त्याला पहाटे उठवणं मी बंद केलं. मात्र अभ्यासाचं टेबल खिडकीशी आलं, रविवारी बारापर्यंत लोळणं बंद झालं, आणि रात्री दहानंतर त्याच्या खोलीत एकच पिवळा दिवा असतो. भांडणं निम्म्यावर आलीत. संपली नाहीत.

आपल्यातल्या दोघी नर्स आहेत, एक जण एस.टी.त आहे, एक पोलिसात. त्यांनी मला आधीच फोनवर सुनावलं, "तुझ्या गॅलरीचं आम्हाला काय?" बरोबर आहे. रात्रपाळीचं गणित वेगळं आहे. पाळीच्या पहिल्या अर्ध्यात भरपूर उजेड घ्या, शेवटच्या दोन तासांत शक्य तेवढा कमी, आणि घरी आल्यावर झोपायची खोली खरोखर अंधारी करा. जाड पडद्याचा उपयोग तिथं आहे, माझ्या टेबलाशी नव्हता. घरी जाताना काळा गॉगल सुचवतात, पण तो बसमध्ये मागं बसून. स्वतः गाडी चालवत असाल तर नको. त्या रस्त्यावर मी एकदा झोपलेय.

आणि मैत्रिणींनो, आपल्या वयात मध्यरात्री घामाघूम होऊन जाग येते ती दिव्यामुळे नाही. ती गोष्ट डॉक्टरांना सांगा, लाजू नका. जे रात्री घोरतात, मध्येच श्वास अडकून दचकतात, त्यांनीही खिडकीची वाट पाहू नये. काल रात्री इथं मुक्कामाला असलेल्यांपैकी दोघांचं घोरणं मी भिंतीपलीकडून ऐकलंय. नावं घेत नाही, त्यांच्या बायकांना माहीत आहे.

माझं संपलं. समितीला मी एकच विनंती केली होती, की चहा या हॉलमध्ये नको, चिंचेखाली ठेवा. टेबलं तिकडे नेली आहेत. आईही तिकडेच बसलीय, आज मुद्दाम तिला आणलंय, शाळा बघायला. येताना गाडी नवऱ्यानं चालवली आणि शिरवळपासून सातारा येईपर्यंत ती मागच्या सीटवर शांत झोपली होती.